आधी नांगर, मग इंजिन

जालन्याचं पाणी अरबी समुद्राकडे जात नाही. आमची कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या जिल्ह्याने प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली, त्या जिल्ह्यात मी उभी नोकरी डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात काढली. विहिरीवरची इंजिनं, ट्रॅक्टर, ट्रक, जिनिंगमधले जनरेटर ही माझी कामं. बोटीचं इंजिन आमच्या पुस्तकात फारसं नव्हतं आणि वर्गातल्या पोरांनी ते कधी विचारलंही नाही.

त्यातलाच एक मंठा तालुक्यातला पोरगा आता मुंबईत भाऊच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मी निवृत्त झाल्यावर त्याचा फोन आला. "सर, मालवणच्या एका मालकाने जुनी प्रवासी बोट घेतलीय. दिवाळीनंतर समुद्रातून न्यायचीय. इंजिनाचा भरवसा नाही. तुम्ही बरोबर असलात तर बरं होईल." मी रात्रीच्या गाडीने निघालो.

समुद्रावरचं अंतर नकाशावरच मोजता येतं, हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. मुंबई साधारण १८ अंश ५५ मिनिटांवर, मालवण १६ अंश ३ मिनिटांवर. फरक १७२ मिनिटांचा. किनारा थोडा पूर्वेकडे झुकतो आणि भूशिरांना वळसे घालावे लागतात, ते धरून १८० सागरी मैल. आमची लाकडी बोट ताशी सात मैल चालायची. मध्ये कुठे न थांबता गेलं तर एक दिवस आणि वर एखाद-दोन तास. पण थांबावं लागलं, आणि एकदा नाही. एके काळी मुंबई-गोवा आगबोट याच वाटेने हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड असं करत जायची. तिच्या बंदरांची ती रांग आम्हाला दर वेळी आसऱ्याची रांग म्हणून उपयोगी पडली.

बोटीत सहा सिलिंडरचं इंजिन होतं, मूळचं ट्रकचं. कोकणात असं पुष्कळ चालतं आणि त्यात वावगं काही नाही. इंजिन तेच, पिस्टन तेच, नोझल तेच. पण ट्रकच्या इंजिनाला पुढून वारा लागतो, रेडिएटर असतो. बोटीत इंजिन तळाशी, बंद खोलीत. त्याला थंड ठेवायचं काम समुद्राचं पाणी करतं. तळाला भोक, त्यावर कॉक, मग जाळी, मग रबरी इम्पेलरचा पंप. पंप खारं पाणी ओढून हीट एक्स्चेंजरमध्ये सोडतो. तिथे नळ्यांच्या आतून खारं पाणी आणि बाहेरून इंजिनाचं गोडं पाणी फिरतं, उष्णता इकडून तिकडे जाते, दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गिअरबॉक्समधून निघालेला दांडा बोटीच्या तळातून बाहेर पडतो आणि त्याच्या टोकाला पंखा. म्हणजे बोटीला मुद्दाम पाडलेली भोकं असतात, आणि मेकॅनिकचं निम्मं लक्ष त्या भोकांवर असावं लागतं.

पहाटे निघालो तेव्हा जमिनीकडून मतलई वारा होता आणि समुद्र सपाट. खांदेरीचं दीपगृह मागे पडलं. रेवदंड्याला दुसरी एक कुंडलिका समुद्राला मिळते, तिच्या तोंडावर कोर्लईचा किल्ला आहे. तो डावीकडे दिसत असताना इंजिनाचा आवाज बदलला. आधी वरखाली होऊ लागलं, आम्ही ज्याला 'हंटिंग' म्हणतो ते. मग दम सोडल्यागत बंद पडलं.

मी पान्याची पेटी उघडून खाली उतरायला लागलो, तोच तांडेलाने हात आडवा धरला. मालवणचे वयस्क गृहस्थ, जन्म पाण्यावर गेलेला. म्हणाले, "मास्तर, आधी नांगर टाकूया. मगे इंजिन बघा."

त्या दोन वाक्यांत जे आहे ते मी वर्गात कधी शिकवलेलं नव्हतं, कारण शेतात त्याची गरज पडत नाही. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर ते जागेवर राहतं. बोट जागेवर राहत नाही. दुपारपासून पश्चिमेकडून खारे वारे सुटतात आणि बंद पडलेल्या बोटीला किनाऱ्याकडे, म्हणजे कोकणात बहुतेक ठिकाणी खडकाकडे, ढकलू लागतात. इंजिन नाही म्हणजे गती नाही, गती नाही म्हणजे सुकाणूला पाणी लागत नाही, मग बोट लाटेला आडवी होते आणि लोळू लागते. नांगर खाली टेकला, पाण्याच्या खोलीच्या पाच-सहा पट दोर सोडला, तो ताठला आणि बोटीने तोंड लाटेकडे केलं. लोळणं थांबलं. मग मी खाली गेलो.

कारण जुनंच निघालं. पावसाळाभर बोट उभी होती आणि टाकी अर्धी रिकामी. रिकाम्या भागातल्या दमट हवेचं पाणी होऊन टाकीच्या आतल्या अंगाला सुटतं आणि तळाशी जातं, कारण ते डिझेलपेक्षा जड. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचा काळा, बुळबुळीत साका तयार होतो. धक्क्याला बांधलेल्या बोटीत तो गपचूप तळाशी बसून असतो. समुद्रात लाट लागली की टाकी घुसळली जाते आणि सगळा साका फिल्टरवर येतो. म्हणूनच धक्क्यावर तासभर सुरेख चाललेलं इंजिन चार मैलांवर बंद पडतं. बोट घेणाऱ्याने धक्क्यावरची चाचणी पाहून समाधान मानू नये, असं माझं ठाम मत तिथे झालं.

फिल्टर काढला तर कागद दिसतच नव्हता. नवा घातला, पाणी वेगळं करणाऱ्या वाटीचा खालचा नळ सोडला, आधी पाणी आलं, मग लाल-काळं मिश्रण, मग डिझेल. आता राहिली लाइनमधली हवा. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. लाइनमध्ये बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर त्याला दाबण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही. फिल्टरवरचा बोल्ट अर्धा आटा सैल केला आणि हातपंप मारायला सुरुवात केली. फेस येतो, फुसफुस होते. थांबायचं नाही. फेस विरळ होतो, अधूनमधून एखादा मोठा बुडबुडा फुटतो, आणि मग डिझेलची काचेसारखी सलग धार लागते. धार चालू असतानाच बोल्ट आवळायचा. मग पंपाजवळचा बोल्ट, तोच क्रम. जालन्यात हे काम मी झाडाखाली बसून केलेलं. इथे एका हाताने पाना आणि दुसऱ्याने स्वतःला धरावं लागतं, इंजिन गरम असतं, आणि डिझेलच्या वासाने पोट ढवळतं.

पुढे हर्णैच्या अलीकडे तापमानाचा काटा चढू लागला. ऐंशीवरून नव्वद, मग पंच्याण्णव. पोराने वेळीच वेग कमी केला. किनारा जवळ होता, सुवर्णदुर्ग दिसत होता, आणि त्याच हळू चालीने आम्ही हर्णैच्या बंदरात जाऊन नांगर टाकला. समुद्राच्या पाण्याच्या जाळीत प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा अडकला होता. पाणी येईना म्हणून इम्पेलर कोरडा फिरला. रबरी पात्यांच्या या चाकाला पाणीच वंगण असतं. कोरडं फिरलं की मिनिटाभरात पाती तुटतात. इम्पेलर बदलणं सोपं, चार स्क्रूंचं काम. पण तुटलेली पाती मोजावी लागतात. सहापैकी चार पाती गेली होती आणि पंपात दोनच सापडली, म्हणजे उरलेली दोन पुढे वाहून हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी बसलेली. ती न काढता नवा इम्पेलर घातला असता तर काटा पुन्हा चढलाच असता. एक्स्चेंजरचं झाकण उघडलं तेव्हा आतला जस्ताचा तुकडा झिजून बोटाएवढा राहिलेला दिसला. खाऱ्या पाण्यात दोन वेगवेगळे धातू एकत्र असले की त्यातला एक खाल्ला जातो. तांब्या-पितळेच्या नळ्या वाचाव्यात म्हणून जस्त मुद्दाम खाऊ घालतात. तेही बदललं. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू होता, आणि माझं लक्ष मात्र नांगरलेल्या होड्यांच्या पाण्याच्या पिचकाऱ्यांकडे. कुठल्या होडीच्या बाजूने थंडाव्याचं पाणी जोरात पडतंय आणि कुठल्या होडीचं नुसतं ठिबकतंय, हे एकदा कळलं की नजर तिकडेच जाते.

जयगड ओलांडल्यावर दिवे गेले. तारांची टोकं हिरवी पडली होती, कापून पुन्हा जोडली, संपलं.

खरं संकट पूर्णगडच्या पुढे आलं. एकाएकी बोट थरथरली, इंजिनाचा आवाज दबला आणि ते बंद पडलं. पंख्यात जाळ्याचा तुटका तुकडा गुंडाळला होता. यावेळी कोणाला सांगावं लागलं नाही. नांगर आधी गेला. इंजिनाची किल्ली काढून मी खिशात घातली, गिअर न्यूट्रलला आणला, आणि मगच खलाशाला कमरेला दोर बांधून पाण्यात सोडलं. नायलॉन दांड्यावर घासून वितळतं आणि पुन्हा थिजून घट्ट बसतं, ते उलगडत नाही, सुरीने थराथराने कापावं लागतं. तो वर यायचा, दम घ्यायचा, पुन्हा खाली जायचा. दांडा मोकळा झाला, पण हिसक्याने ग्लँड ढिली पडली आणि आत पाण्याची धार लागली.

ग्लँड म्हणजे दांडा जिथून बाहेर जातो तिथली पेटी. तिच्यात चरबी पाजलेल्या दोरीची कडी बसवतात आणि वरून नट आवळतात. इथे नव्या माणसाचा हात नटावर जोर करतो. तसं करू नये. चालत्या बोटीत ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी यायलाच हवं, त्यानेच दांडा थंड राहतो. कडकडीत आवळलं तर दांडा तापतो, खरवडतो आणि मग कुठलंच पॅकिंग पाणी अडवत नाही. दोन्ही नट पाव-पाव आटा, आळीपाळीने. धारेची ठिबक झाली. तळातलं पाणी उपसण्याचा पंप चालू ठेवून आम्ही हळूहळू विजयदुर्गाला, वाघोटन खाडीत शिरलो.

अमावास्या जवळ होती, उधाणाचे दिवस. भरतीला बोट वाळूच्या काठावर नेली, दोन्ही बाजूंनी टेकू दिले आणि ओहोटीची वाट पाहिली. भरती-ओहोटीचं चक्र सव्वाबारा-साडेबारा तासांचं, त्यामुळे कामाला मिळणारे तास मोजके. पाणी उतरलं, पंखा उघडा पडला. जुनं पॅकिंग काढलं, नवी कडी तिरपी कापून बसवली. एका कडीचा जोड दुसरीच्या जोडासमोर येऊ द्यायचा नाही, नाहीतर पाणी सरळ वाट काढतं. याच खाडीत थोडं वर आंग्र्यांच्या आरमाराची गोदी आहे, खडकात कोरलेली. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि पाणी उतरल्यावर त्याचा तळ दुरुस्त करायचा, हे तिथेही होतं. आमच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचा व्यापारी माल दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरून रोमन जगात जात होता; भोकरदनच्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईच्या मूर्तीशी जुळते. त्या जहाजांनाही कुणीतरी अशाच ओहोटीत डागडुजी केली असेल, असं वाटून गेलं.

मालवणला पोचल्यावर मालकाला सुट्टीचे पर्यटक दिसत होते. मी मालकांना १८ डिसेंबर २०२४ ची आठवण करून दिली. मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची बोट ताबा सुटून एलिफंट्याला निघालेल्या 'नीलकमल'वर आदळली आणि १५ जण गेले. समुद्रात इंजिन बिघडलं की जीव जातात, तेही इंजिनाशी संबंध नसलेल्यांचे. प्रवासी बोटीत चढणाऱ्याने लाइफ जॅकेट अंगात घालावं, हातात धरू नये. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये असावा. बोटीवर व्हीएचएफ असेल तर वाहिनी १६ लावलेली असावी, खोक्यात बंद नसावी.

मालक शहाणे निघाले. टाकी रिकामी करून वरची झडप उघडली. पोरगा खांद्यापर्यंत हात घालून साका काढत होता आणि बादली भरत आली तरी तळ लागला नव्हता. कोरड्या फडक्याने टाकी पुसली, नव्या डिझेलने धुतली, मग काठोकाठ भरली. दोन फिल्टर, दोन इम्पेलर, ग्लँड पॅकिंग, पट्टा आणि जस्ताचे तुकडे एका डब्यात घालून डबा इंजिनाच्या खोलीतच बांधला. त्याच आठवड्यात मी जालन्याच्या आयटीआयमध्ये जाऊन प्राचार्यांना भेटलो आणि तुटलेला इम्पेलर, काळा फिल्टर आणि झिजलेलं जस्त वर्गाच्या कपाटात ठेवायला दिलं. डिझेल मेकॅनिकच्या वर्गातली पोरं आता ते हातात घेऊन पाहतात.