हुकूम आणि विवेक : भाग ६
पेशावरचा हवालदार

मागच्या भागात येल विद्यापीठातला स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा प्रयोग आला होता. ४० पैकी २६ जणांनी केवळ प्रयोग घेणाऱ्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला शॉक देणारा ४५० व्होल्टचा शेवटचा खटका दाबला. शॉक खोटा होता, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिथे नाही म्हणणाऱ्याचं काही बिघडणार नव्हतं. उठून घरी जायला तो मोकळा होता. नकाराची किंमत जन्मठेप असते तेव्हा माणूस काय करतो, हे पाहायचं तर १९३० च्या पेशावरला जावं लागतं.

२३ एप्रिलचा दिवस. मिठाचा सत्याग्रह देशभर पेटलेला. पुढाऱ्यांच्या अटकेमुळे पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात हजारो माणसं जमली होती. लष्कराच्या चिलखती गाड्या गर्दीत घुसल्या, माणसं चिरडली गेली, एक गाडी जाळली गेली आणि गोळीबार सुरू झाला. सरकारने मृतांचा आकडा ३० च्या आसपास सांगितला. विठ्ठलभाई पटेलांच्या चौकशी समितीच्या मते तो शंभराच्या वर होता.

बंदोबस्ताला १८ व्या रॉयल गढवाल रायफल्सची दुसरी बटालियनही होती. तिच्यात चंद्रसिंह भंडारी नावाचा हवालदार होता. पहिल्या महायुद्धात तो इंग्रजांच्या बाजूने फ्रान्स आणि मेसोपोटेमियात लढून आलेला. गोळीला किंवा हुकमाला भिणारा हा माणूस नव्हता. राहुल सांकृत्यायनांनी लिहिलेल्या त्याच्या चरित्रात एक प्रसंग येतो. पेशावरात मुसलमान हिंदूंना छळतात, म्हणून गोळी चालवावी लागेल, असं गोऱ्या अधिकाऱ्याने शिपायांना समजावलं. तो गेल्यावर चंद्रसिंहाने सोबत्यांना सांगितलं की हे भांडण हिंदू-मुसलमानांचं नाही, काँग्रेसचं आणि सरकारचं आहे. म्हणजे बाजारातला नकार क्षणाच्या आवेगातून आला नव्हता. आपल्याला खोटं सांगितलं जातंय हे या शिपायांनी आधीच ओळखलं होतं.

गर्दीसमोर कॅप्टनने गोळीबाराचा हुकूम दिला. चंद्रसिंह ओरडला, ‘गढवाली, सीज फायर!’ बंदुका खाली झाल्या. समोर होते निःशस्त्र पठाण. भाषा वेगळी, धर्म वेगळा. दुसऱ्या दिवशी शहरात बंदोबस्ताला पुन्हा जायलाही शिपायांनी नकार दिला. त्यांच्याकडची हत्यारं काढून घेतली गेली. फौजेची मात्र दाणादाण उडाली होती. २५ एप्रिलपासून ४ मेपर्यंत पेशावर शहर सरकारच्या हातात नव्हतं.

लष्करी न्यायालयात गढवालचेच बॅरिस्टर मुकुंदीलाल त्यांच्या बाजूने उभे राहिले. फाशी टळली. १७ जणांना शिक्षा झाल्या: चंद्रसिंहाला जन्मठेप, एकाला १५ वर्षं, बाकीच्यांना ३ ते १० वर्षं.

आता या कहाणीतला अवघड भाग. ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार झाला आणि सत्याग्रही कैदी सुटू लागले. पण हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेले शिपाई आणि पोलिस या माफीत बसत नाहीत, असं करारात स्पष्ट लिहिलेलं होतं. पेशावरची माणसं तुरुंगातच राहिली. पुढे एका फ्रेंच पत्रकाराने गांधीजींना याबद्दल छेडलं. त्यांच्या उत्तराचा आशय असा: गोळीबाराचा हुकूम मोडणारा शिपाई आपली शपथ मोडतो, उद्या सत्ता आमच्या हाती आली की याच शिपायांकडून काम घ्यायचं आहे, आज अवज्ञा शिकवली तर उद्या ते आमच्याशीही तसंच वागतील.

हे उत्तर झटकून टाकण्यासारखं नाही. सरकारी फौजेत राहू नका, असं तर गांधीजींनी १९२१ मध्ये उघड सांगितलं होतं, आणि तशा लेखनाबद्दल पुढच्याच वर्षी सहा वर्षांची शिक्षाही घेतली होती. नोकरी सोडा, पण गणवेश अंगावर असताना हुकूम मोडू नका, असा हा भेद. कुठला हुकूम पाळायचा हे बंदूकधारीच ठरवू लागला तर लोकशाही टिकत नाही, हे शेजारच्या देशांत पुढे दिसलंही.

तरीही गांधीजींचा पूर्ण आदर राखून म्हणावं लागेल की या एका बाबतीत न्याय झाला नाही. बंदूक रोखलेली असताना राजीनामा लिहायला वेळ कुठे असतो? शिवाय चंद्रसिंहाने बंदूक अधिकाऱ्यावर उलटवली नाही, सत्ता बळकावली नाही, की तो पळाला नाही. त्याने फक्त मारायचं नाकारलं आणि शिक्षा भोगली. स्वतः गांधीजी न्यायाधीशापुढे उभे राहून जे करत आले होते, तेच त्याने गणवेशात केलं. १९४१ मध्ये सुटल्यावर हा माणूस मनात अढी न धरता गांधीजींच्याच आश्रमात राहायला गेला आणि बेचाळीसच्या चळवळीत पुन्हा तुरुंगात गेला. त्याच्या मनाचा मोठेपणा इथे कळतो. पुढे तो कम्युनिस्ट झाला. १ ऑक्टोबर १९७९ ला त्याचं निधन झालं.

स्वतंत्र भारतात कायद्याने हा प्रश्न शिपायावर एकट्यावर सोडलेला नाही. १९५० च्या लष्कर कायद्यातलं ४१ वं कलम अवज्ञेला शिक्षा सांगतं, पण ‘कायदेशीर’ हुकमाच्या अवज्ञेला. मुंबईतल्या २००६ च्या एका बनावट चकमकीच्या आरोपाचं प्रकरण मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. तेव्हा न्यायालयाने नाझींवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यांचा दाखला देत बजावलं, की अशा हत्येत ‘वरून हुकूम होता’ हा बचाव पोलिसांना घेता येणार नाही. तसा हुकूम मिळाला तर तो नाकारणं हेच त्यांचं कर्तव्य आहे. आरोपी पोलिसांचा जामीन रद्द झाला.