खाली दुकान, वर घर
बाजारपेठेतील अनेक जैन कुटुंबांचे खाली दुकान, वर बिऱ्हाड. सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर आवरले जाते. एसी मात्र रात्रभर जुन्याच वायरवर चालतो. एमसीबी वारंवार पडते, म्हणून ओळखीचा कारागीर १६ ऐवजी ३२ अँपिअरची बसवून देतो. तक्रार मिटते, धोका वाढतो. कारण एमसीबी असते ती वायरच्या रक्षणासाठी. एसीच्या जोडीला इस्त्री चालली की भिंतीतील दीड चौरस मिलिमीटरची वायर तापून तिचे आवरण मऊ पडते, तरी एमसीबी पडत नाही. आणि खाली कापडाचे तागे! एसीला चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर हवी. मजुरीत घासाघीस करणारे व्यापारी वायरमनचा परवाना क्वचितच मागतात. तो आधी पाहावा, दर नंतर ठरवावा. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. तेही वितरकाच्या माणसाकडूनच.