पहारेकरी निवडायचा कसा?

११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, तेही २८ देशांतल्या एटीएममधून. एटीएममध्ये कार्ड घातले, की 'पैसे द्यायचे का?' हा प्रश्न बँकेच्या संगणकाकडे जातो. चोरांनी मध्येच आपली बनावट यंत्रणा बसवली आणि ती प्रत्येक प्रश्नाला 'होय' म्हणत राहिली. अशा वेळी 'काहीतरी चुकते आहे' हे ओळखणारे माणूस लागते. सायबर सुरक्षेच्या नोकरीसाठी ते निवडायचे कसे?

पदवी आणि अनुभवाची वर्षे पाहणे ही सोपी वाट. त्याहून बऱ्या दोन चाचण्या आहेत. उमेदवाराला आज काय करता येते ते कौशल्य चाचणी सांगते. शिकवले तर तो किती शिकेल याचा अंदाज अभियोग्यता चाचणी देते. हा दुसरा शब्द शिक्षक भरतीमुळे आपल्या परिचयाचा आहेच. (त्याच्या आठवणी सर्वांनाच सुखद असतील असे नाही!)

एक उदाहरण घेऊ. एकाच कार्डाच्या दोन नोंदी आहेत: नंदुरबार, १०.०५, मुंबई, १०.४०. पस्तीस मिनिटांत मुंबई गाठता येत नाही, तेव्हा चोरी झाली, असे बहुतेक जण म्हणतील. चांगला उमेदवार मात्र आधी विचारील: दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळतात का? मुंबईची नोंद एटीएमची, की घरबसल्या केलेल्या खरेदीची? खरेदी असेल, तर माणूस नंदुरबारातच असू शकतो. या कामात खोट्या इशाऱ्यांचाच ढीग फार असतो. म्हणून उत्तरापेक्षा उमेदवाराने काय विचारले याला गुण द्यावेत, असे आम्हाला वाटते. व्याख्या पाठ करून हे जमत नाही.

चाचण्यांवर भिस्त किती ठेवायची? श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि बौद्धिक क्षमतेची चाचणी यांचा नंतरच्या कामगिरीशी चांगला संबंध दिसला. अनुभवाच्या वर्षांचा फारच कमी. पुढे २०२२ साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे आकडे फुगलेले असल्याचे दाखवले. त्यांच्या हिशेबात, सर्वांना तेच प्रश्न ठरलेल्या पद्धतीने विचारणारी मुलाखत सर्वांत वर आली. एकाच चाचणीवर निवड करू नये ती यासाठी.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडील अनेक मुलांच्या घरी भिली किंवा पावरी बोलली जाते. मराठी शाळेत भेटते आणि इंग्रजी त्याहून उशिरा. अशा मुलीपुढे वेळ लावून इंग्रजी प्रश्नपत्रिका ठेवली, तर मोजले जाते ते तिचे इंग्रजी. कौशल्य चाचणीही तिला संगणक किती मिळाला होता, हेच मोजू शकते. यावर उपाय आहे. सर्वांना नवे असलेले एखादे साधन तासभर शिकवायचे, मग त्यावरच काम द्यायचे. प्रश्न उमेदवाराला कळणाऱ्या भाषेत हवेत, आणि कामात घाई नसेल तर परीक्षेतही नको.

वरच्या दोन नोंदी फळ्यावर लिहून नववीच्या वर्गापुढेही ठेवता येतील. संगणक लागत नाही. उत्तरे लगेच तपासू नका, मुलांनी किती प्रश्न विचारले ते मोजा.