शाळांचे निकाल ताडून पाहतांना

वार्षिक परीक्षेचे निकाल लागले, कीं अमुक शाळा चांगली व तमुक वाईट असा निवाडा देऊन आपण मोकळे होतों. फुलपाड्यांतहि हीच रीत आहे. जीवदानीच्या डोंगराजवळील ह्या वस्तींत घरीं शिकवणी असलेलीं मुलें आहेत, तशींच एका खोलींत चार भावंडांसह अभ्यास करणारींहि आहेत. दोघांच्या गुणांस एकच तराजू लावणें न्याय्य होईल काय?

दारिद्र्य म्हणजे केवळ अर्धें पोट नव्हे; तें शाळेचे दिवसच हिरावून नेतें. वीटभट्ट्यांचें काम दिवाळीच्या सुमारास सुरू होतें व पावसापूर्वीं थांबतें. त्या कामासाठीं जव्हार-मोखाड्याकडील वारली, कातकरी कुटुंबें मुलांबाळांसह वसईकडे उतरतात. शाळा जूनमध्यें उघडते. म्हणजे अर्धें वर्ष होतें न होतें तोंच मुलाचें गांव सुटतें. अपूर्णांक शिकविले जात असतां तें विटा उलटीत असतें, आणि परीक्षेंत मात्र त्यास अपूर्णांकच विचारले जातात!

ही अडचण जुनी आहे. इ. स. १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीराव फुले यांनीं सांगितलें, कीं गुरें राखण्यास व शेतकामास मुलें लागत असल्यामुळें गरीब शेतकरी त्यांस शाळेंत पाठवीत नाहीं. यास्तव त्यांनीं शिष्यवृत्त्या व बक्षिसें मागितलीं.

मग तुलना करूंच नये काय? अवश्य करावी, पण सारख्याची सारख्याशीं. मूल वर्षारंभीं कोठें होतें व अखेरीस कोठें पोंचलें, हें प्रथम पाहावें. दोन सारख्याच गरीब वस्त्यांतील शाळांपैकीं एक पुढें गेली, तर ती काय करिते हें दुसरीनें जाऊन पाहावें. 'गरिबांचीं पोरें, काय शिकणार!' हें वाक्य शिक्षकांच्या खोलींत फार सोपें असतें. मीहि तें उच्चारलें आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं इ. स. १९४५ मध्यें बोर्डीस काम आरंभिलें व पुढें कोसबाडास नेलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं शाळाच कुरणांत नेली.

एके वर्षीं मीं माझ्या वर्गाच्या निकालपत्रकांत गुणांशेजारीं हजेरीचे दिवस मांडून पाहिले. ज्यांना मीं 'मंद' म्हणत होतों, त्यांतील बहुतेकांची हजेरी दिवाळीपाशींच तुटलेली होती.