दुःखाला हातभर जागा

घर बांधून झालं, गिलावा झाला, रंगाचा शेवटचा हातही फिरला, तरी दारासमोरच्या भिंतीवर हातभर लांब, हातभर रुंद असा एक चौकोन मुद्दाम उघडाच ठेवायचा. हा ज्यू धर्मशास्त्राचा नियम आहे. हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण अर्धा मीटर. सश्रद्ध ज्यू कुटुंबांच्या घरांत आजही असा चौकोन पाहायला मिळतो. यरुशलेमचं मंदिर पडलं, म्हणून कुठलंच घर पुरतं पूर्ण करायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मंदिर दोनदा पडलं. शलमोनानं बांधलेलं पहिलं मंदिर इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्यानं जाळलं. दुसरं मंदिर इ. स. ७० मध्ये टायटसच्या रोमन फौजांनी जाळलं. परंपरा सांगते की दोन्ही वेळा तिथी एकच होती, ज्यू पंचांगातल्या अव महिन्याची नववी. आपल्याकडे आषाढ-श्रावण असतो, त्या दिवसांत ती येते.

दुसऱ्या मंदिराच्या विध्वंसानंतरची एक हकिकत तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात आहे आणि मला ती साऱ्या ज्यू वाङ्मयातल्या सर्वांत शहाण्या हकिकतींपैकी एक वाटते. अनेकांनी मांस आणि मद्य सोडलं. वेदीवर ज्याचं अर्पण होत होतं ते आता होत नाही, मग आम्ही ते तोंडात कसं घालायचं, असा त्यांचा सवाल होता. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, यहोशुआ त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, वेदीवर भाकरीही अर्पण होत होती, मग भाकरी सोडा. लोक म्हणाले, फळांवर राहू. पण हंगामाची पहिली फळंही मंदिरातच जात. बरं, इतर फळं खाऊ. मग पाण्याचं काय? वेदीवर पाणीही ओतलं जात होतं. यावर कुणाला उत्तर सुचेना. तेव्हा रब्बींनी त्यांना समजावलं: मुळीच शोक न करणं आपल्याला शक्य नाही, आणि मर्यादेबाहेर शोक करणंही शक्य नाही, कारण बहुसंख्य लोकांना पेलणार नाही असं बंधन समाजावर घालता येत नाही. म्हणून भिंत रंगवा, पण हातभर सोडा. मेजवानी करा, पण एखादा पदार्थ कमी करा. बाईनं दागिने घालावेत, पण एखादा काढून ठेवावा.

हे सांगणारा माणूस दुःखाबाहेरचा नव्हता. तालमूदच्या कथेप्रमाणे वेढा पडलेल्या यरुशलेममधून योहानान बेन झक्काई या वृद्ध गुरूंना मेल्याचं सोंग करून शवपेटीतून बाहेर काढण्यात आलं. ती पेटी वाहणाऱ्या दोन शिष्यांपैकी एक हेच यहोशुआ. गुरूंनी रोमन सेनापतीकडे यावने हे छोटं गाव आणि तिथले विद्वान मागून घेतले. पुढे गुरूशिष्य यरुशलेमच्या भग्नावशेषांजवळून जात असता यहोशुआंना रडू कोसळलं. पापांचं क्षालन करणारी जागाच गेली, असं ते म्हणाले. गुरूंनी सांगितलं की क्षालनाचा तितकाच मोलाचा दुसरा मार्ग आपल्याकडे शिल्लक आहे, तो म्हणजे माणसांवर केलेली दया. यज्ञबली थांबले, त्यांच्या जागी प्रार्थना, अध्ययन आणि परोपकार आले. मंदिरावाचून हा धर्म जवळजवळ दोन हजार वर्षं टिकला, त्याचं मूळ यावनेत आहे.

तिशा बेआव, म्हणजे अवच्या नवमीचा उपास, एका सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत असतो. पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. आंघोळ नाही, चामड्याची पादत्राणं नाहीत, भेटल्यावर एकमेकांना अभिवादनसुद्धा नाही. सभास्थानातले दिवे मंद करून लोक जमिनीवर बसतात आणि बायबलमधलं 'विलापगीत' हे पुस्तक वाचलं जातं. या पुस्तकाची रचना थक्क करणारी आहे. अध्याय पाच. हिब्रू वर्णमालेत अक्षरं २२, आणि पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या अध्यायात प्रत्येकी २२ कडवी, एकेक कडवं क्रमानं एकेका अक्षरानं सुरू होणारं. मधल्या, तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन ओळी, म्हणून ६६. नेमक्या याच अध्यायाच्या गाभ्यात आशेचा सूर लागतो. पाचव्या अध्यायात कडवी २२ च, पण अक्षरांचा क्रम मोडलेला. शहर उद्ध्वस्त झालेलं असताना कवीनं शोक वर्णमालेत बसवला. त्यामुळे शोकाला सुरुवात मिळाली आणि शेवटही मिळाला. शेवटचं वचन फार कठोर आहे, म्हणून ते वाचल्यावर त्याच्या आधीचं, देवाला परतीची विनवणी करणारं वचन पुन्हा म्हणण्याची प्रथा आहे.

दुपार झाली की जमिनीवर बसलेली माणसं उठून खुर्च्यांवर बसतात. उपास सुटलेला नसतो, पण शोक उतरणीला लागतो. पुढचे सात शब्बाथ, म्हणजे शनिवारचे विश्रांतिदिवस, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातले सांत्वनाचे उतारे वाचले जातात आणि मग नवं वर्ष येतं. एका दिवसाच्या शोकाला सात आठवड्यांचं सांत्वन, हे प्रमाण मनात ठेवण्यासारखं आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी अवच्या नवमीला मराठी नाव दिलं, बिरड्याचा रोजा. वालाचं बिरडं हे या उपासाशी जोडलेलं साधं जेवण. या समाजाची स्वतःची कथाही एका विध्वंसापासूनच सुरू होते. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ बुडाले. उरली ती शब्बाथाची विश्रांती, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि 'शमा' ही एकच प्रार्थना. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. ग्रंथावाचून पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी जे सांभाळलं, ते एवढंच.

अलिबागला आपण समुद्र आणि किल्ला पाहायला जातो. पुढच्या वेळी तासभर काढून नवगावचं बेने इस्राएलांचं दफनस्थळ आणि तिथलं स्मारक पाहून या.