मिनिटाला ३० शब्द

पवनी तालुक्यातल्या अड्याळसारख्या धानाच्या गावात घरी कॉम्प्युटर घ्यायचा विषय बहुधा धानविक्रीचे चुकारे खात्यात पडल्यावर निघतो, आणि निमित्त असतं पोराच्या किंवा पोरीच्या टायपिंगचं. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्द लागतात. मोबाइल आहे की घरात, असं यावर कुणी म्हणेल. फॉर्म भरायला, निकाल पाहायला तो पुरतोही. पण अंगठ्याने ३० शब्दांचा सराव होत नाही, त्याला दहा बोटं आणि रोज तासभर की-बोर्ड लागतो. गरज खरीच आहे. चुकतो तो दुकानातला पहिला प्रश्न: ‘आय-फाइव्ह आहे का?’

कंपन्यांनी काढून टाकलेले, घासूनपुसून चकचकीत केलेले लॅपटॉप याच नावावर खपतात. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडावं, तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, उदाहरणार्थ आय५-६३००यू. आडव्या रेघेनंतरचा ६ म्हणजे सहावी पिढी, २०१५ सालची; ही चिप दोन कोअरची. आजचा साधा आय-थ्री तिला सहज मागे टाकतो. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वर्षभराच्या धानाचा पैसा अशा मशीनवर लावणाऱ्याला हे कुणी आधी सांगत नाही, हा सरळ अन्याय आहे.

नुसत्या टायपिंगला पिढी कशाला बघायची, हा आक्षेप रास्त आहे. ३० शब्द जुन्या मशीनवरही बसतात. पण मग आय-फाइव्हचे जास्तीचे पैसे तरी कशाला द्यायचे? शिवाय घरात आलेलं मशीन टायपिंगपुरतं राहत नाही. त्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, बँकेचं खातं उघडलं जातं, आणि तिथे सुरक्षेचे अपडेट बंद असणं महागात पडू शकतं. जुनंच घ्यायचं तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचं, ८ जीबी रॅमचं आणि एसएसडी असलेलं घ्यावं. नोटपॅड उघडून एकेक कळ दाबून पाहावी. अक्षरं झिजलेल्या कळा आधी दाबाव्यात: एखादी दोनदा उमटते, एखादी जोर दिल्याशिवाय उमटतच नाही. अशा की-बोर्डवर बोटांना चुकीची सवय लागते.

ऑनलाइन स्वस्त मिळतं, हेही खरं. पण वॉरंटीत माणूस घरी येणार की मशीन घेऊन आपणच भंडाऱ्याला किंवा नागपूरला जायचं, हे आपला पिनकोड टाकून आधी बघावं. जाण्यायेण्यात मजुरीचा दिवस बुडतो. म्हणूनच टायपिंगसाठी मला डेस्कटॉप उजवा वाटतो. की-बोर्ड बिघडला तर काही शे रुपयांत दुसरा जोडता येतो, रॅम किंवा एसएसडी सुटी बदलता येते. लाइट गेली की तो बंद पडतो, ही त्याची खरी अडचण. म्हणून यूपीएसचा खर्च पहिल्याच हिशेबात धरावा, आणि बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा.