दोन ओळींची अनुमती

सोळा पानांचे दोन फॉर्मे म्हणजे बत्तीस पाने. शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, मनोगत आणि अनुक्रमणिका यांतून कवितांच्या वाट्याला सव्वीस उरली. सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेने तीस वर्षांच्या वह्यांतून बावीस कविता निवडल्या आणि काव्यपुस्तिका सिद्ध झाली, असे त्यांना वाटले.

हस्तलिखित हाती घेताच मुद्रकाने विचारले, “बाई, यांतल्या आधी कुठे छापून आल्या आहेत का?”

चौदा कविता दिवाळी अंकांतून व मासिकांतून प्रसिद्ध झालेल्या. अंकात छापली की कविता अंकाची झाली, हा समज अनेक कवींप्रमाणे त्यांचाही होता. 1957 चा प्रताधिकार कायदा तसे म्हणत नाही. बाहेरून साहित्य पाठविणाऱ्याने स्वतः सही करून लेखी हस्तांतर केले नसेल, तर हक्क त्याच्याकडेच राहतो. मानधन घेतल्यानेही तो जात नाही. जुन्या फायलीत सहीचा एकच कागद सापडला, 2006 चा. त्यात मुदत लिहिलेली नव्हती, आणि अशा हस्तांतराची मुदत कायदा पाच वर्षे धरतो. ती केव्हाच संपली होती.

तरीही बाईंनी संपादकांना पत्रे धाडली. ऋणनिर्देशात अंकाचे नाव आणि वर्ष बिनचूक जावे, एवढ्यासाठी. या शोधात एक गंमत निघाली. एका अंकात संपादकाने शेवटचे कडवे गाळले होते आणि इतकी वर्षे बाई तेच कात्रण जपत होत्या! वहीतले कडवे आता परत आले.

खरी अडचण दुसऱ्यांच्या ओळींची. प्रारंभी बहिणाबाईंची एक ओळ होती. त्या 1951 मध्ये निवर्तल्या, संग्रह 1952 मध्ये आला. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. तशी मोजली तरी 2012 अखेर ती पूर्ण झाली. ती ओळ निर्धास्त राहिली.

सातव्या पानावरच्या कवितेच्या माथ्यावर मात्र इंदिरा संतांच्या दोन ओळी होत्या. इंदिराबाई 2000 मध्ये गेल्या. त्यांच्या कवितेचा प्रताधिकार 2060 अखेरपर्यंत आहे. “दोन ओळींना कोण विचारतो?” असे सर्रास म्हटले जाते. पण कायद्यात ओळींच्या संख्येची अशी सूट नाही. समीक्षेसाठी अवतरण देता येते. आपल्या कवितेच्या माथी ते मिरविणे त्यात बसेलच असे नव्हे. ओळी काढाव्यात, तर ती कविता त्यांनाच दिलेले उत्तर आहे; प्रश्नावाचून उत्तर कसे उभे राहणार? बावीसांत बाईंना सर्वांत जवळची तीच.

हक्कधारकांना पत्र गेले आहे. त्यात पुस्तिकेच्या प्रती, किंमत, नेमक्या ओळी आणि सोबत आपली संपूर्ण कविता, असे सारे आहे. मुद्रकाने एक महिना थांबण्याचे कबूल केले आहे. त्याच्या टेबलावरच्या डमीत सातवे पान तूर्त कोरे आहे.